धुतलेल्या शेपट्या

प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करणाऱ्या उंदीरमामांनी सगळ्यांच्या शेपट्या साबण लावून धुतल्या आणि आता ते शाबासकीची वाट बघत प्राणिगृहाच्या दारात उभे होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर ओला टॉवेल, आणि चेहऱ्यावर सगळं घर आवरून झाल्यावर येतं तसं समाधान.

"या मॅडम, बघा," ते म्हणाले. "एकेक शेपटी कशी गुलाबी निघालीये. त्या निळ्या शाईनं नुसत्या बरबटल्या होत्या."

त्या उंदरांवर प्रयोग करणाऱ्या धाकटीने एका पिंजऱ्यात डोकावून पाहिलं, मग दुसऱ्यात. शेपट्या खरंच गुलाबी निघाल्या होत्या. पांढरेशुभ्र उंदीर अंग झाडत, मिशा पुसत इकडेतिकडे करत होते आणि एकाच्याही शेपटीवर शाईचा ठिपकादेखील उरला नव्हता. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून घेतलं.

आता हे सांगायलाच हवं, की ती शाई म्हणजे मळ नव्हता. या प्रयोगशाळेचं काम म्हणजे झाडपाल्याची औषधं माणसांनी घ्यावीत की नाहीत, हे आधी उंदरांना विचारणं. उंदीर तोंडाने काही सांगत नाहीत. म्हणून त्यांना रोज वनस्पतीचा अर्क पाजायचा, अधूनमधून वजनं करायची, रक्त तपासायचं आणि शेवटी त्यांचं यकृत काढून बघायचं. हे शेवटचं वाक्य धाकटी नेहमी भरभर बोलून संपवायची. या वेळी निम्म्या उंदरांना एका वेलीच्या पानांचा अर्क मिळत होता आणि निम्म्यांना नुसतं पाणी. दोघांत फरक पडला तर तो अर्कामुळे पडला, असं म्हणता येतं. कोणाला काय मिळतं ते शेपटीवर लिहिलेलं असायचं, एक रेघ पाण्याची आणि दोन रेघा अर्काच्या. चाटूनपुसून त्या पुसट व्हायच्या, म्हणून धाकटी दर दोन-तीन दिवसांनी त्या पुन्हा ओढायची. मामला इतका साधा होता, आणि म्हणूनच उंदरांच्या अंगावर आणखी कुठे खूण करून ठेवावी असं कुणाला सुचलंच नाही.

"पण मामा, पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या आहेत ना? पाण्याचे वेगळे, अर्काचे वेगळे?"

"आहेत की. चिठ्ठ्यांना मी हातसुद्धा लावला नाही. चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत," मामा म्हणाले आणि जरा थांबले. "उंदीर तेवढे... म्हणजे पिंजरे धुवायचे तर ह्यांना कुठंतरी ठेवायला हवंच ना. सगळे एका टबात ठेवले होते."

सगळा दोष मामांच्या माथी मारावा तर तेही खरं नव्हतं. उंदरांची नीट निगा राखली जाते की नाही हे बघायला दुसऱ्या दिवशी बाहेरची समिती येणार होती, आणि साहेब आदल्या संध्याकाळी बजावून गेले होते की सगळं चकचकीत दिसलं पाहिजे, जमीन, पिंजरे, उंदीर, सगळं. साहेबांनी उंदीर बोलण्याच्या ओघात घातले होते. मामांनी ते मनावर घेतले. साबणाने शाई गेली नाही तेव्हा त्यांनी स्पिरिटचे बोळे आणले आणि सकाळपासून एकेक शेपटी बोटांत धरून, बाळाचं नाक पुसावं तशी पुसून काढली होती. त्यांना ओरडावं असं धाकटीच्या मनात आलं, पण त्या टॉवेलकडे बघून तिने ते सोडून दिलं.

धाकटीचा जीव या उंदरांत का अडकला होता ते मामांना ठाऊक नव्हतं. साहेबांनाही नव्हतं. ती वेल ती राहायची त्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरची होती.

बाबांचे गुडघे दुखायचे. कुणीतरी आईला सांगितलं की या वेलीची पानं उकळून रोज सकाळी काढा द्या, आणि आईने ते वर्षानुवर्षं नेमाने केलं. घरात पाहुणे असोत, ताप असो, बाहेर काहीही होवो, सकाळी काढ्याचा पेला बाबांच्या हातात पडणार म्हणजे पडणार. बाबा तो घेऊन खिडकीशी जायचे, मोकळ्या हवेत घेतला की जास्त लागू पडतो म्हणायचे, आणि तोंड वेडंवाकडं करत रिकामा पेला आणून द्यायचे. "कडू आहे, पण गुडघे म्हणशील तर एकदम हलके," असं ऐकलं की आईचा दिवस चांगला जायचा.

मग बाबांचं यकृत बिघडलं. इस्पितळात ते ग्लानीत पडलेले असताना डॉक्टरांनी सहज विचारलं, की हे काही झाडपाल्याचं औषध घ्यायचे का. आईने मान उंच करून सांगितलं, हो, रोज सकाळी, मी स्वतः करून द्यायचे. डॉक्टर नुसतेच हं म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे गेले. पण आत्या तिथेच उभी होती. बाबा गेले त्या दिवशी, भरल्या घरात, आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या भावाला हिनं रोज उकळून उकळून विष पाजलं."

दुसऱ्या दिवशी आईने मागची वेल मुळासकट उपटून टाकली. आणि त्यानंतर ती स्वतःच्या हातांनाच भ्यायला लागली. आमटीत मीठ घालायचं तरी धाकटीला हाक मारायची, तूच घाल म्हणायची. कुणी आलं तर चहा करायला धाकटी, आणि धाकटी घरी नसली तर आलेला माणूस पाण्यावर परत जायचा. जिने आयुष्यभर लोकांना बळेबळे वाढलं ती बाई आता स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी राहायची. धाकटीला ते बघवत नसे.

म्हणून शेजारच्या कुंपणावर उरलेल्या वेलीची पानं तिने प्रयोगशाळेत नेली आणि साहेबांच्या मागे लागून हा प्रयोग मंजूर करून घेतला. अर्काने यकृत बिघडतं की नाही, हे एकदाचं कळेल. आईला तिने तेवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दार उघडता उघडता आई विचारायची, "कसे आहेत ते?" जणू इस्पितळात सगळं कुटुंबच भरती झालंय. धाकटी म्हणायची बरे आहेत. मग आई विचारायची, "जेवले का?"

आणि आता त्या सगळ्यांच्या शेपट्या धुतल्या गेल्या होत्या.

"काळजी करू नका," मामा म्हणाले. "मी ह्यांना चेहऱ्यानं ओळखतो." आणि त्यांनी खरंच वाटणी सुरू केली. हा भांडकुदळ, हा अर्काचा. हा गरीब गाय, पाण्याचा. हा सारखा कान खाजवणारा, अर्काचाच, शंकाच नको. दोन पिंजरे झाल्यावर धाकटीने त्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं, उंदीर पुन्हा एकत्र केले आणि परत ओळखायला लावलं. या खेपेला भांडकुदळ पाण्यात गेला. मामा म्हणाले, आंघोळीनंतर त्याचा स्वभाव बदललेला दिसतोय.

मग धाकटीने वजनं करायला घेतली. अर्क घेणारे किंचित रोड होते असं तिला आठवत होतं. पण काट्यावर सगळे सारखेच गुबगुबीत भरले, आणि ते तिच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त होते. तिने मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं.

"बिस्किटं," ते अखेर म्हणाले. "थोडीशीच. ते कडू पाजल्यावर तोंड असं करतात ना मॅडम, बघवत नाही."

"मग पाण्यावाल्यांना कशाला दिलीत?"

"त्यांना काय वाटलं असतं?"

धाकटीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. म्हणजे शेपट्या धुतल्या नसत्या तरी या प्रयोगाचं काही खरं नव्हतं. पण माणूस अशा वेळी शहाण्यासारखा वागत नाही. कुणी काय घेतलंय एवढं कळलं, तर निदान आपल्यापुरतं काहीतरी हाती लागेल, असं तिला वाटत राहिलं.

शेवटी वासाची कल्पना निघाली, ती मामांच्याच जुन्या पराक्रमातून. प्रयोगाच्या सुरुवातीला मामांनी, आपलेही गुडघे दुखतात म्हणून, उरलेला अर्क गुपचूप एकदा पिऊन टाकला होता. गुडघ्यांचं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण दोन दिवस त्यांच्या अंगाला असा काही जळक्या गुळासारखा उग्र वास मारत होता की बायकोने त्यांची गादी उचलून बाहेर गॅलरीत टाकली. आंघोळ केली तरी जाईना, शर्ट दोनदा धुतला तरी जाईना. तेव्हा अर्क घेतलेल्या उंदरांनाही तो वास येणारच. प्रश्न एवढाच होता की वास घ्यायचा कुणी. मामांचं नाक प्राणिगृहात आयुष्य काढून निकामी झालेलं. धाकटी महिनोन्‌महिने त्या अर्काच्या वाफेत उभी, तिला स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही तोच वास यायचा. साहेबांना बारमाही सर्दी, आणि त्यांना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. मामांनी बायकोला फोन लावून पाहिला. तिने नुसतं "उंदीर" एवढं ऐकलं आणि फोन ठेवला.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. आईने दुपारी सहज केला होता. कसे आहेत ते, तिने विचारलं, आणि धाकटीचा धीर सुटला. तिने शेपट्यांपासून बिस्किटांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मी येते," आई म्हणाली. "तो काढा मी जितका उकळलाय तितका कुणीच उकळला नसेल. मला नाही ओळखता येणार तर कुणाला येणार?"

धाकटीने नको नको म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

आईला प्रयोगशाळेचा पांढरा कोट घोट्यापर्यंत आला. तिने बाह्या दुमडल्या, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढली आणि मामांनी पुढे केलेल्या पहिल्या उंदराच्या पाठीशी नाक नेलं. उंदरानेही नाक वर करून तिचा वास घेतला. साबणाचा वास येतोय फक्त, ती म्हणाली. मामांनी तो पाण्याच्या पिंजऱ्यात ठेवला. दुसऱ्यालाही नुसताच साबण. तिसऱ्याला मात्र ती एकदम मागे सरली.

"हा कसला वास?"

"हाच तो, आई. काढ्याचा."

"छे. काढ्याचा वास मला सांगू नकोस. तो हिरवा असतो, ओल्या पाचोळ्यासारखा. हा काहीतरी करपल्यासारखा आहे."

"ताई, पातेल्यातला वेगळा आणि पोटात गेल्यावरचा वेगळा," मामा समजावत म्हणाले. "एकदा पोटात गेला की अंगातून असा यायला लागतो. मला विचारा ना. घाम म्हणू नका, कपडे म्हणू नका, उशी म्हणू नका. बायकोनं गादीच बाहेर टाकली."

"माणसालाही येतो?"

"येतो म्हणजे? मी एकदाच प्यायलो होतो, तर दोन दिवस."

आईने पुढचा उंदीर मागितला, मग त्याच्या पुढचा. भराभर, एकही न चुकवता ती वाटणी करत गेली, करपट इकडे आणि साबण तिकडे, आणि मामा कौतुकाने मान डोलवत राहिले. धाकटी मात्र आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. काहीतरी होत होतं तिथे आणि ते काय ते तिला कळत नव्हतं. शेवटचा उंदीर करपट निघाला. आईने तो मामांना दिला नाही, हातातच धरून ठेवला.

"ह्यांच्या शर्टाला हा वास कधीच आला नाही," ती म्हणाली.

"काय?"

"रोज मी धुवायचे. कॉलर हातानं घासायचे. उशीचे अभ्रे, बनियन, सगळं माझ्या हातचं. कधीच नाही आला." तिने उंदराच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. "अगं, त्यांनी तो घेतलाच नाही कधी."

धाकटीच्या डोक्यात खिडकी आली. खिडकीतली गुलाबाची कुंडी आली. त्या कुंडीत गुलाब कधी टिकायचा नाही, थोड्या महिन्यांत काळा पडून मान टाकायचा. बाबा अपराध्यासारखे नवीन रोप घेऊन यायचे आणि आई म्हणायची की त्या खिडकीत ऊनच फार येतं, कशाला लावता. बाबा गेल्यानंतर मात्र त्यांनी आणलेलं शेवटचं रोप असं काही फोफावलं की खिडकीचं दार लागेना. आई रोज सकाळी त्याच्याशी बोलायची. ते गेले आणि झाडात येऊन बसले, म्हणायची. बिचारं झाड, त्याला एवढंच झालं होतं की कुणी आता रोज सकाळी त्याच्या मुळांशी काढा ओतत नव्हतं.

आणखीही काही आठवलं, आणि ते धाकटीला जास्त लागलं. बाबा जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचे. दारांवरच्या पाट्या वाचायचे, विजेचे मीटर बघायचे, काय छान हवा येते इथे म्हणायचे. आई बरोबर असली तर फारच वाचायचे. गुडघे एकदम हलके झालेत असं रोज सांगितल्यावर कण्हायची सोय कुठे राहिली होती? आईचं मन मोडू नये म्हणून त्या माणसाने वर्षानुवर्षं ते दुखणं हसऱ्या तोंडाने जिन्यावरून वर नेलं होतं.

नेमके तेव्हाच साहेब आत आले. त्यांनी पाहिलं ते असं: पांढऱ्या कोटातली एक वयस्कर बाई, छातीशी धरलेला उंदीर, डोळ्यांतून पाणी. समितीत बाहेरच्या एक बाई असतात आणि त्या कधीकधी न सांगता आधीच येऊन थडकतात, हे त्यांनी ऐकलं होतं.

"नमस्कार, नमस्कार," साहेब हात जोडत पुढे आले. "आपण आज याल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे ह्यांना अगदी घरच्यासारखं वागवतात."

आईने डोळे पुसले. "शेवटी पोट फाडून बघता ना ह्यांचं?"

"ते... म्हणजे, शास्त्रासाठी. नाइलाज म्हणून."

"ह्यांचं नका बघू," आई म्हणाली. "ह्यांनी तरी तो खरंच घेतलाय."

साहेबांना त्याचा अर्थ लागला नाही, पण समितीच्या बाईंना अर्थ विचारायचा नसतो एवढं त्यांना कळत होतं. बरं, नाही बघत, शब्द दिला, असं ते म्हणाले. मग धाकटीला राहवेना. तिने ही आपली आई आहे इथपासून सुरुवात केली आणि बिस्किटांवर येऊन थांबली. साहेब खुर्चीत बसले. आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, मग प्रयोग गेला हे ध्यानात आलं, मग त्यांना शिंका आल्या. वास घेऊन केलेली वाटणी कुठल्याच अहवालात घालता येत नाही, सगळं नव्याने करावं लागेल, असं रुमालाआडून ते म्हणाले. धाकटीने मान हलवली. ते तिलाही कळत होतं. पण आईला दिलेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही, हेही खरं. उंदीर कोपऱ्यातल्या मोठ्या पिंजऱ्यात मामांच्या हवाली झाले, आणि आता बिस्किटं उघडपणे द्यायला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी समिती आली, फिरली आणि जाताना खास सांगून गेली की एवढ्या स्वच्छ शेपट्या आम्ही आजवर कुठे पाहिल्या नाहीत. मामांना हवी होती ती शाबासकी अशी बाहेरून मिळाली.

पण त्या संध्याकाळी घरी काही कुणी हसलं नाही. आई आल्या आल्या खिडकीशी गेली आणि फुललेल्या गुलाबासमोर बराच वेळ उभी राहिली. रोज ती त्याच्याशी बोलायची. आज तिने त्याच्याकडे पाठ केली आणि खुर्ची ओढून बसली.

"एवढी वर्षं मला फसवलं," ती म्हणाली. "मी पहाटे उठून पानं धुवायचे. नाजूक नाजूक बघून. आणि ते झाडाला पाजत होते."

"आई, पण म्हणजे तू काही केलं नाहीस. कळतंय ना तुला? तुझ्या हातानं काहीच झालं नाही." धाकटीने फोन उचलला. "थांब, आत्याला आत्ताच सांगते."

आईने उठून तिच्या हातातून फोन काढून घेतला. हळूच घेतला, पण परत दिला नाही.

"काय सांगशील? तुझा भाऊ रोज सकाळी बायकोशी खोटं बोलायचा म्हणून?"

"मग ती तुला आयुष्यभर बोलत राहणार."

"बोलू दे. मला माहीत आहे ना आता. गेलेल्या माणसाची लाज नाही काढायची."

धाकटीला तिचा राग आला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. ज्याच्यासाठी ती उंदरांच्या मागे लागली होती ते उत्तर घरात आलं होतं, आणि आई ते कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावत होती. पण रात्रीच्या जेवणाला आईने आमटीत मीठ घातलं, आणि धाकटीला हाक मारली नाही. आमटी किंचित खारट झाली होती. धाकटीने ती दोनदा वाढून घेतली.

पुढच्या रविवारी धाकटीला जाग आली ती हिरव्या, ओल्या पाचोळ्यासारख्या वासाने. क्षणभर तिला वाटलं बाबा आहेत. ती स्वयंपाकघरात आली. गॅसवर जुनं पातेलं होतं. शेजारच्या कुंपणावरची पानं आणून आईने काढा उकळला होता आणि ती तो बाबांच्या पेल्यात गाळत होती.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. बघू तरी काय आहे ते."

"तू कधी चाखला नव्हतास?"

"मला काय झालं होतं प्यायला? गुडघे त्यांचे दुखत होते."

आईने पेला ओठाला लावला आणि एक घोट घेतला. मग तिचा चेहरा जो काही झाला तो धाकटीने पूर्वी अनेकदा पाहिला होता, रोज सकाळी, बाबांचा. त्यांनी तो पहिल्या दिवशी बहुतेक खराच केला असावा आणि मग तोच पाठ करून ठेवला असावा. आईने घोट कसाबसा गिळला, डोळे घट्ट मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती हसत होती की रडत होती ते सांगता येणार नाही.

"एवढा कडू?" ती म्हणाली. "अहो, एवढा कडू होता तर सांगायचं ना हो."

पेला हातात घेऊन ती सवयीने खिडकीकडे गेली. गुलाबाला सात-आठ कळ्या लागलेल्या होत्या. तिने पेला कुंडीवर जरासा कलता केला, कळ्यांकडे पाहिलं, आणि सरळ केला. मग मागे फिरून तिने काढा मोरीत ओतला, पेला घासून उपडा ठेवला आणि धाकटीला म्हणाली, "बस, चहा टाकते."